चिंचोका

सोमवारी साडेदहाला सांगलीहून व्हीसी असते.
तोवर सत्तावीस रकाने भरलेले लागतात.
पडद्यावर जत तालुका नेहमी लाल,
शेजारचे हिरवे, एखादा पिवळा.
साहेब विचारतात, लाल कोण आहे?
मी हात वर करते.
सात वर्षं झाली, मीच आहे.

दिल्लीत कुणीतरी एक वाक्य लिहितं.
मुंबईत त्याचं परिपत्रक होतं,
सांगलीत उद्दिष्ट,
आणि माझ्या टेबलावर ते नुसता आकडा होऊन येतं:
मार्चअखेर तीनशे दहा गट.
पुढे मेहरून मुल्लाच्या स्कूटीवर बसून
ते तिकोंडीकडं निघतं, पोचेस्तोवर
अंगावर एवढी धूळ
की बायका म्हणतात, ह्ये काय आणलं बाई,
परत लोन का?

समन्वय म्हणजे काय, असं भाचीनं विचारलं एकदा.
बँकेच्या मॅनेजरला जेवायच्या आधी गाठायचं,
जेवल्यावर तो नाही म्हणतो.
कृषीचा माणूस दोन तालुके सांभाळतो,
तो कुठल्या तालुक्यात आहे ते
त्याच्या बायकोला विचारायचं.
तीन खाती एका खोलीत आणायची,
खोलीत खुर्च्या दोन.
भाची म्हणाली, मग गरिबी?
म्हटलं, ती पुढच्या बैठकीत.

फेब्रुवारीत बिरोबाच्या देवळापुढं
बायकांनी रांगोळीनं गाव काढला.
ओढा निळीचा, रस्ता गेरूचा,
दर घराला एक चिंचोका.
मग तीन रिंगणं: बरे, गरीब, फार गरीब.
गावानंच ठरवायचं, असं पुस्तिकेत आहे.
गाव ठरवताना हसतं, भांडतं.
कुणाचा पत्रा नवा,
कुणाच्या दारात माडग्याळी मेंढरं किती,
कुणाचा मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो असं नुसतं म्हणतो,
सगळं सगळ्यांना ठाऊक.

रत्नव्वाचा चिंचोका तिसऱ्या रिंगणात पडला
तेव्हा कुणीच भांडलं नाही.
नवरा नाही, जमीन नाही,
बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते,
संध्याकाळी बोटं एकमेकांना चिकटलेली.

ती उठली. वाकली.
आपला चिंचोका उचलून
ओढ्याच्या निळ्या रेघेवर ठेवला,
तिन्ही रिंगणांच्या बाहेर.
"नान बडवी अल्लरी."
मेहरूननं मराठी केलं, म्हणते, मी गरीब नाही.
मग काय आहे, विचार.
रत्नव्वा बोलली ते लांबलचक होतं,
मेहरूनचं मराठी आखूड:
पैसे नाहीत, म्हणते. गरीब वेगळं.

मी समजावत राहिले,
कमी व्याज, खेळतं भांडवल, आधी तुमचा नंबर.
तिनं ऐकून घेतलं आणि
मोडक्या मराठीत, थेट मलाच:
यादी भिंतीवर लावता न्हवं?
लावतो.
ती भिंत शाळंची हाय.
पोरगी धाव्वीत हाय.

पुस्तिका घरी येऊन पुन्हा चाळली.
भिंतीबद्दल एकच ओळ आहे:
दर्शनी ठिकाणी लावावी.

संगणकाला ओढा कळत नाही.
कोणताही एक पर्याय निवडा, तो म्हणतो,
न निवडल्यास पान पुढं जात नाही.
तिसरं रिंगण निवडलं.
तिला सांगितलं नाही, अजून.
यादी शाळेच्या भिंतीवर लावली रविवारी,
शाळा बंद असताना,
अक्षांश-रेखांशासकट फोटो काढला,
आणि चिकटपट्टी सुकायच्या आत
काढून, घडी करून, पर्समध्ये.
मेहरून म्हणाली, मॅडम, वाऱ्यानं गेली म्हणू.
जतमध्ये वारा भरपूर आहे.

आज तिच्याकडून पाव किलो बेदाणे आलेत,
रत्नव्वानं पाठवलेले, निवडलेले,
एकही काडी नाही, सगळे एका मापाचे.
पैसे देऊ का विचारलं तर मेहरून
माझ्याकडं बघतच राहिली.

व्हीसीला चार मिनिटं आहेत.
सत्ताविसावा रकाना रिकामा.
दोन बेदाणे खाल्ले.
माऊसला बोटं चिकटतात.